बीजगणिताची पहिली पायरी आणि मोबाईलवरील खेळ : एक अभ्यास

अंकगणितात बऱ्यापैकी गुण मिळविणारा विद्यार्थी सातवी-आठवीत आला की गणिताच्या तासाला मागच्या बाकावर सरकतो, हा अनुभव अनेक पालकांना व शिक्षकांना आहे. कारण विचारले तर "तो क्ष कुठून येतो तेच कळत नाही" एवढेच उत्तर मिळते. राज्याच्या पाठ्यपुस्तकांत गेली काही वर्षे सहावीत समीकरणांची तोंडओळख, सातवीत बैजिक राशी आणि आठवीत एकचल समीकरणे असा क्रम आहे. नववी-दहावीत तर बीजगणित हा गणिताचा स्वतंत्र भागच होतो. सहावी-सातवीत पाया कच्चा राहिला, तर दहावीला तो उघडा पडतो. पुढे विज्ञान शाखा, पॉलिटेक्निक, आय.टी.आय., स्पर्धा परीक्षा या प्रत्येक दारावर हेच बीजगणित उभे असते. म्हणून हा प्रश्न केवळ गुणांचा नाही. आपल्या मुलामुलींना कोणते दार उघडे राहणार आणि कोणते बंद होणार, याचा तो प्रश्न आहे.

दुसरीकडे मोबाईल घरोघरी पोचला आहे. २०२३ साली 'असर' या पाहणीत देशातील २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटातील मुलांची चाचणी घेण्यात आली. सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता व त्यांना तो वापरताही येत होता. परंतु तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे निम्म्याहून कमी मुलांना जमले. फोन आला, पण गणित आले नाही, असा याचा सरळ अर्थ. मग ज्या फोनवर मुलांचा वेळ जातो, त्याच फोनवर खेळातून बीजगणिताची सुरुवात करून देता येईल काय? प्रस्तुत लेखात आम्ही याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

अडते कोठे?

खेळाकडे वळण्यापूर्वी मुलांचे नेमके कोठे अडते, ते पाहू. आमच्या मते अडचणी मुख्यतः तीन आहेत.

पहिली अडचण बरोबरच्या चिन्हाची. पहिलीपासून मूल ८ + ४ = असे लिहिते व पुढे उत्तर मांडते. त्यामुळे '=' म्हणजे 'आता उत्तर लिहा' अशी त्याची समजूत होते. अशा मुलाला ८ + ४ = ☐ + ५ हे उदाहरण द्या. चौकटीत ७ लिहिण्याऐवजी ते बेधडक १२ लिहील. '=' म्हणजे दोन्ही बाजू सारख्या, तराजूची दोन पारडी समतोल, हा अर्थ त्याच्यापर्यंत पोचलेलाच नसतो. समीकरणाची सगळी इमारत मात्र याच अर्थावर उभी आहे.

दुसरी अडचण 'पलीकडे नेले की चिन्ह बदलते' या नियमाची. नियम सोयीचा आहे, पण कारण न कळता पाठ केला तर तो दगा देतो. ३क्ष = १५ हे उदाहरण घेऊन मूल ३ पलीकडे नेते, चिन्ह बदलते आणि क्ष = १५ − ३ = १२ असे लिहून मोकळे होते. येथे ३ हा मिळविलेला नसून गुणलेला आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

तिसरी अडचण अक्षरांची. ३क्ष + ५ याचे ८क्ष करणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. क्ष म्हणजे एक संख्याच आहे, फक्त ती अजून आपल्याला ठाऊक नाही, ही गोष्ट मनात न ठसल्यामुळे सजातीय व विजातीय पदांचा गोंधळ होतो.

या तिन्ही अडचणी बुद्धीच्या नाहीत. न पाहिलेल्या वस्तूविषयी नियम पाठ करावे लागतात, म्हणून त्या येतात. वस्तू आधी दिसली आणि हाताळता आली, तर नियम आपोआप पटतो. खेळाचा उपयोग नेमका येथे आहे.

खेळाची रचना

या प्रकारात सर्वात गाजलेला खेळ म्हणजे 'ड्रॅगनबॉक्स'. नॉर्वेत गणित शिकविणारे ज्याँ-बातिस्त हुइन आणि त्यांचे सहकारी पॅट्रिक मार्शल यांनी तो तयार केला. २०१२ साली तो प्रथम बाजारात आला आणि २०१९ मध्ये 'काहूत' या नॉर्वेच्याच कंपनीने ड्रॅगनबॉक्स आपल्याकडे घेतले.

खेळाच्या पडद्याचे डावे व उजवे असे दोन भाग असतात. एका भागात एक चमकणारी पेटी असते व दोन्ही भागांत चित्रांचे पत्ते पसरलेले असतात. पेटी एकटी करणे, म्हणजे तिच्या बाजूचे बाकी सर्व पत्ते दूर करणे, हे खेळणाऱ्याचे काम. ते साधले की पेटीतला ड्रॅगन पलीकडचे सगळे खाऊन टाकतो आणि पुढचा डाव उघडतो. सुरुवातीला अंक नाहीत, अक्षरे नाहीत आणि 'बीजगणित' हा शब्दही नाही. वाचण्याजोगा मजकूर फारच थोडा असल्याने इंग्रजी न येणाऱ्या मुलालाही हा खेळ समजतो, हा मराठी माध्यमाच्या दृष्टीने मोठाच फायदा आहे.

खेळाचे नियम असे :

(१) प्रत्येक पत्त्याचा एक दिवसाचा व एक रात्रीचा अवतार असतो. दोन्ही एकमेकांवर ठेवले की त्यांचा हिरवा भोवरा होतो आणि भोवऱ्याला बोट लावताच तो नाहीसा होतो. गणिताच्या भाषेत, + अ आणि − अ मिळून शून्य.

(२) बाहेरचा पत्ता एका भागात टाकला, तर तोच पत्ता दुसऱ्या भागातही टाकावा लागतो. तसे केल्याशिवाय खेळ पुढे सरकतच नाही. गणिताच्या भाषेत, समीकरणाच्या दोन्ही बाजूंवर सारखीच क्रिया करावी लागते.

(३) एकाच चित्राचे दोन पत्ते वर-खाली आले की त्यांच्या जागी एक ठिपक्याचा फासा येतो. गणिताच्या भाषेत, अ भागिले अ बरोबर १.

डाव पुढे सरकतात तसे चित्रांच्या जागी हळूहळू अक्षरे व अंक येतात, पेटीच्या जागी इंग्रजी वर्णमालेतील अज्ञाताचे नेहमीचे अक्षर येते, मध्ये अधिकचे व शेवटी बरोबरचे चिन्ह उमटते. ज्याला मूल खेळ समजत होते, ते समीकरणच होते!

यातील दुसरा नियम आम्हाला सर्वात मोलाचा वाटतो. वहीत चूक झाली तर ती शिक्षकांनी तपासल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी किंवा आठवड्याने कळते. खेळात दुसऱ्या बाजूचा पत्ता विसरला की तेथेच अडते. कोणी रागावत नाही, कोणी हसत नाही, आणि डाव कितीही वेळा पुन्हा मांडता येतो. भीतीने मागे सरलेल्या मुलाला याचा फार आधार होतो.

ही वाट जुनीच आहे

अक्षराऐवजी चित्र वापरणे हा पोरखेळ आहे, असे काहींना वाटेल. परंतु बीजगणिताचा इतिहास पाहता ती शंका टिकत नाही. आपल्याकडील प्राचीन गणिती अज्ञात संख्येला 'यावत्-तावत्' म्हणत. एकाहून अधिक अज्ञात असतील तर पुढच्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देत. म्हणूनच एका अज्ञाताच्या समीकरणाला 'एकवर्ण समीकरण' हे नाव पडले. भास्कराचार्यांनी सुमारे ११५० साली लिहिलेल्या 'बीजगणित' ग्रंथात ही पद्धत आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन झाल्याचा १२०७ सालचा शिलालेख आपल्याच जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळ पाटण येथे आहे.

इंग्रजीतील 'अल्जिब्रा' हा शब्दही बगदादमध्ये नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मी यांनी लिहिलेल्या अरबी ग्रंथाच्या नावातील 'अल्-जब्र' या शब्दावरून आला. समीकरणाच्या एका बाजूला वजा असलेली राशी दोन्ही बाजूंना मिळवून ती उणीव भरून काढणे, असा त्याचा अर्थ. आज मूल पडद्यावर दोन्ही भागांत पत्ता टाकते, तेव्हा ते हीच क्रिया करीत असते.

संशोधन काय सांगते?

एखादी गोष्ट मुलांना आवडते म्हणून ती शिकवतेच, असे धरून चालता येत नाही. म्हणून पुरावा पाहणे आवश्यक आहे.

जून २०१३ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पुढाकाराने पाच दिवसांचा एक उपक्रम झाला. ४,१९२ विद्यार्थ्यांनी ड्रॅगनबॉक्सच्या एका सुधारित आवृत्तीवर ३,९०,९३५ समीकरणे सोडविली. किमान दीड तास खेळलेल्यांपैकी सुमारे ९३ टक्के विद्यार्थ्यांनी ठरविलेले प्रावीण्य गाठले. आकडे उत्साह वाढविणारे आहेत. मात्र हे प्रावीण्य खेळातच मोजलेले होते, कागदावर नव्हे, हे विसरता कामा नये.

कागदावर काय होते, हे कार्नेगी मेलन विद्यापीठातील यानजिन लाँग व व्हिन्सेंट अलेव्हेन यांनी तपासले. त्यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी काही विद्यार्थ्यांना ड्रॅगनबॉक्स दिला, तर काहींना समीकरणे पायरीपायरीने सोडवून घेणारा संगणकीय शिक्षक दिला. खेळणाऱ्या गटाला मजा अधिक आली आणि त्यांनी उदाहरणेही कितीतरी जास्त सोडविली. पण नंतरच्या चाचणीत नेहमीची समीकरणे सोडविताना संगणकीय शिक्षकाकडे शिकलेला गटच सरस ठरला.

याउलट, २०२०-२१ या वर्षी अमेरिकेत सातवीच्या अठराशेहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ड्रॅगनबॉक्स आणि 'फ्रॉम हिअर टू देअर' हे दोन खेळ वर्षभरात थोडे थोडे वापरण्यात आले. वर्षाच्या शेवटी या दोन्ही गटांची बीजगणिताची समज, संगणकावर नेहमीची उदाहरणे सोडविणाऱ्या गटापेक्षा चांगली आढळली. फरक फार मोठा नव्हता, पण दखल घेण्याजोगा होता.

या निष्कर्षांत विरोध दिसतो. आम्ही त्याचा अर्थ असा लावतो : खेळ मुलाच्या हाताला क्रिया शिकवितो आणि मनातील धास्ती घालवितो. परंतु पडद्यावरचा पत्ता म्हणजेच वहीतील पद, हा सांधा खेळ स्वतःहून पक्का करून देत नाही. तो जोडण्यासाठी वही लागते, बोलणे लागते आणि शेजारी बसणारे कोणीतरी माणूस लागते. ते माणूस गणिताचे पदवीधर असावे असे मुळीच नाही. खालील पाठ दहावी झालेली ताई किंवा दादाही घेऊ शकेल.

खेळातून वहीकडे : एक पाठ

साहित्य : एक फोन, वही, रिकाम्या काडेपेट्या आणि फोडून अर्धे केलेले चिंचोके. अर्ध्या चिंचोक्याची एक बाजू तपकिरी व एक पांढरी असते. तपकिरी बाजू वर म्हणजे अधिक एक, पांढरी बाजू वर म्हणजे उणे एक. एक तपकिरी व एक पांढरा मिळून शून्य. अशी जोडी उचलून बाजूला ठेवावी. खेळातील हिरवा भोवरा तो हाच.

पायरी पहिली. प्रथम मुलांना वीस मिनिटे खेळू द्यावे. मग फोन बाजूला ठेवून जमिनीवर खडूने उभी रेघ काढावी. रेघेच्या डावीकडे दोन काडेपेट्या व तीन तपकिरी चिंचोके, उजवीकडे अकरा तपकिरी चिंचोके मांडावेत. दोन्ही पेट्यांत सारखेच चिंचोके दडविलेले आहेत व दोन्ही बाजू समान आहेत, एवढेच सांगावे. एका पेटीत किती? मुले दोन्हीकडून तीन-तीन चिंचोके काढतील. उरल्या दोन पेट्या आणि आठ चिंचोके. दोन सारखे भाग केले की एका पेटीला चार. आता हेच वहीत लिहावे :

२क्ष + ३ = ११
२क्ष + ३ − ३ = ११ − ३
२क्ष = ८
क्ष = ४

प्रत्येक ओळ लिहिताना "हातांनी आपण काय केले?" असे विचारावे आणि मुलाने ते तोंडाने सांगावे. तोंडाने सांगितल्याशिवाय पुढची ओळ लिहू नये. शेवटी पेटी उघडून खात्री करावी व वहीतही ताळा घ्यावा : २ × ४ + ३ = ११.

पायरी दुसरी. क्ष − ४ = ३. डावीकडे एक पेटी व चार पांढरे चिंचोके, उजवीकडे तीन तपकिरी. पांढरे कसे घालवायचे? खेळ खेळलेले मूल लगेच सांगते की चार तपकिरी टाकायचे, पण दोन्हीकडे! डावीकडे चार जोड्या शून्य होऊन निघून जातात, उजवीकडे सात उरतात. येथे थांबून मुलांना विचारावे : −४ पलीकडे गेला का? कोणीच कोठे गेले नाही. दोन्ही बाजूंना चार मिळविले, म्हणून डावीकडचा −४ संपला आणि उजवीकडे +४ दिसू लागला. 'पलीकडे नेले की चिन्ह बदलते' या नियमाचे सारे रहस्य एवढेच आहे. ते एकदा डोळ्यांनी दिसले की नियम खुशाल वापरावा.

पायरी तिसरी. ३क्ष = १५. डावीकडे फक्त तीन पेट्या आहेत. काढून टाकण्यासारखे तीन चिंचोके तेथे नाहीतच. म्हणून १५ मधून ३ वजा करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. १५ चे तीन सारखे भाग करावे लागतात. क्ष = ५.

पायरी चौथी. २क्ष + ३ = क्ष + ८. आता पेट्या दोन्हीकडे आहेत. दोन्हीकडून एक-एक पेटी उचलली तरी समतोल राहतो, हे मुलांना स्वतःहून सुचू द्यावे. क्ष + ३ = ८ आणि क्ष = ५. पेटीत किती आहे हे ठाऊक नसतानाही ती उचलता येते, हे ज्या मुलाला पटले त्याला अज्ञाताची भीती राहत नाही.

पायरी पाचवी. ही पायरी असे खेळ फारशी शिकवीत नाहीत. खेळ समीकरण तयार करून देतो; व्यवहारात ते आपल्याला तयार करावे लागते. उदाहरणार्थ, तीन सारख्या वह्या आणि पाच रुपयांचे एक पेन मिळून ८० रुपये झाले, तर वहीची किंमत किती? वहीची किंमत क्ष मानू. ३क्ष + ५ = ८०, म्हणून ३क्ष = ७५ आणि क्ष = २५. अशी उदाहरणे मुलांनी स्वतः रचावीत व एकमेकांना घालावीत. उत्तर काढणाऱ्यापेक्षा उदाहरण रचणाऱ्याला अधिक समजलेले असते.

काही पथ्ये

१. खेळ निवडताना त्यातील गणित पाहावे. समीकरण सोडविले की मोटार धावते, असे अनेक खेळ आहेत. तेथे गणित बाहेरून चिकटविलेले असते. खेळाची चालच गणिताची क्रिया असेल तो खेळ निवडावा.

२. एका वेळी वीस-पंचवीस मिनिटे पुरेत. खेळल्यावर निदान तेवढाच वेळ वहीला द्यावा.

३. एका फोनवर दोन मुले बसवावीत. एकाने चाल सांगावी, दुसऱ्याने बोट चालवावे, मग अदलाबदल करावी. चाल शब्दांत सांगावी लागली की ती समजतेही.

४. चांगल्या खेळांना बहुधा पैसे किंवा वर्गणी पडते, ते आधी तपासावे. जाहिराती व खरेदीची आमिषे असलेला खेळ टाळावा. मुलांचे पूर्ण नाव, छायाचित्र वा फोन क्रमांक कोठेही भरू नये.

५. फोन मिळत नसेल तर पाठ थांबवू नये. पेट्या आणि चिंचोके यांवरही तोच खेळ होतो.

६. मुलींच्या वाट्याला फोन येतो की नाही, याकडे लक्ष ठेवावे. वर उल्लेखिलेल्या २०२३ च्या पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी सुमारे ४४ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण सुमारे २० टक्केच होते. शिक्षण फोनवर गेले आणि फोन भावाच्या खिशात राहिला, तर बहीण पुन्हा मागे पडेल. अभ्यासिकेतील सामाईक फोनवर मुलींची पाळी ठरलेली असावी.

समारोप

मोबाईल हा गुरू नव्हे आणि शत्रूही नव्हे. तो खडू-फळ्यासारखे एक साधन आहे. बीजगणिताच्या पहिल्या पायरीवर मूल अडखळते तेव्हा न रागावता, न थकता शंभर वेळा तीच क्रिया करू देणारे साधन म्हणून त्याचे मोल मोठे आहे. मात्र पहिल्या पायरीवरून दुसरीवर नेण्यासाठी माणसाचाच हात लागतो.

म्हणून सभासद बंधू-भगिनींना आमची विनंती आहे की, आठवड्यातून एक तास अभ्यासिकेसाठी द्यावा. आपल्याला बीजगणित विसरल्यासारखे वाटत असेल तरी हरकत नाही, मुलाशेजारी बसून "असे का केलेस?" एवढा प्रश्न विचारला तरी पुष्कळ काम होते. विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एवढेच सांगणे आहे की, क्ष ही कोणी परकी वस्तू नाही. ती झाकलेली एक पेटी आहे. दोन्ही बाजूंना सारखा न्याय देत गेलात की ती उघडल्याशिवाय राहत नाही.